आयर्विन पुलाचा उद्याचा आकडा येतो कुठून?



मनामा, मुहर्रक, रिफा, सार, जिथे कुठे असाल तिथे शुक्रवारच्या चहाबरोबर आपलं स्वागत. आज थोडा आकड्यांचा हिशोब आहे. ऐकताना निसटला तर काळजी नको, हे स्क्रिप्ट नेहमीप्रमाणे आपल्या संग्रहात असेल. सावकाश वाचा.

जुलै लागला की आपल्यातल्या सांगली-कोल्हापूर-कराडकडच्या घरांत सकाळ एकाच प्रश्नाने सुरू होते. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालेलं असतं, आत एसी घरघरत असतो आणि फोनवर विचारणं चालू असतं, "आयर्विन किती?" ज्यांना हे कोडं वाटेल त्यांच्यासाठी सांगते. सांगलीत कृष्णेवर १९२९ सालचा आयर्विन पूल आहे. तिथल्या पट्टीवर पाणी ४० फुटांना लागलं की इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी. कोल्हापूरकर हेच "राजाराम किती?" असं विचारतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी इशारा ३९ फुटांना, धोका ४३ फुटांना.

गेल्या आठवड्यात रिफाच्या एका श्रोत्याने लिहिलं: "आज ३६ फूट आहे हे पट्टीवर दिसतं, ते कळतं. पण उद्या संध्याकाळपर्यंत ४२ फुटांवर जाईल हे कोण सांगतं, कशावरून सांगतं? आणि त्यावरून मी वडिलांना घर सोडायला सांगू का?"

प्रश्न छोटा, उत्तर लांब आहे. शेवटच्या वाक्यासाठी मात्र ते पूर्ण सांगायला हवं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या स्वतःच्या घरात याच बाबतीत चूक झाली होती. ती पुढे सांगते.

उद्याचा आकडा येतो तो मॉडेलमधून. मॉडेल म्हणजे काय, तर खोऱ्याची गणितात केलेली नक्कल. एका बाजूने पावसाचे आकडे घालायचे, दुसऱ्या बाजूने नदीचे आकडे काढायचे. मधे जे घडतं ते समजायला एकाखाली एक टांगलेली तीन भांडी डोळ्यांसमोर आणा, प्रत्येकाला भोकं पाडलेली. वरचं भांडं म्हणजे झाडांची पानं, खळगे, भाताची खाचरं. ते भरल्याशिवाय पाणी पुढे सरकत नाही. मधलं भांडं म्हणजे माती. ती आधी पिऊन घेते, झाडं त्यातलं थोडं उडवून लावतात, आणि ती तृप्त झाली की पुढचा पाऊस अंगावरून वाहून जातो. खालचं भांडं खडकातल्या पाण्याचं. ते इतकं हळू गळतं की पाऊस थांबून महिने लोटले तरी ओढ्याला धार असते.

आता भांडी केवढी आणि भोकं केवढी? अख्खं खोरं खणून कोणी मोजू शकत नाही. म्हणून उलटीकडून जायचं. ज्या वर्षांचा पाऊसही मोजलेला आहे आणि नदीचा प्रवाहही मोजलेला आहे अशी जुनी वर्षं घ्यायची, त्यांचा पाऊस मॉडेलमध्ये ओतायचा, बाहेर आलेली नदी खऱ्या नदीशी ताडून बघायची. पूर लवकर आला? भोक लहान करा. फार मोठा आला? मातीचं भांडं वाढवा. पुन्हा ओता. असं शेकडो वेळा, हल्ली संगणकाकडून हजारो वेळा. याला पुस्तकात अंशशोधन म्हणतात, इंजिनिअर मंडळी कॅलिब्रेशन म्हणतात. मी आपली "मॉडेल बसवणं" म्हणेन.

तुम्ही हे स्वयंपाकघरात केलेलंच आहे. आईने सांगितलं होतं, तांदळावर बोटाचं एक पेर पाणी. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात त्याच पेराने भात कधी गिजका झाला, कधी फडफडीत राहिला. आईचं पेर बरोबरच होतं, पण ते तिच्या इंद्रायणीवर, तिच्या पातेल्यावर, तिच्या चुलीवर बसवलेलं होतं. इथल्या दुकानातल्या जुन्या बासमतीवर तुम्हाला ते नव्याने बसवावं लागलं, आणि त्यासाठी चार-पाच भात बिघडवावे लागले. नदीचं तसंच आहे. फक्त तिथे भात वर्षातून एकदाच शिजतो, पावसाळ्यात.

महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागाने कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी अशी व्यवस्था जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या हायड्रॉलॉजी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात उभी केली. पाऊस आणि पाणीपातळी आपोआप कळवणारी केंद्रं बसवली आणि डेन्मार्कच्या डीएचआय या संस्थेबरोबर पुराचा अंदाज देणारं मॉडेल तयार केलं. त्यातला पावसाचं पाणी करणारा भाग 'नाम' नावाचा. आपलं रामनाम नव्हे. पाऊस-प्रवाह-मॉडेल अशा अर्थाच्या तीन डॅनिश शब्दांची ती आद्याक्षरं आहेत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते डेन्मार्कच्या तंत्र विद्यापीठात तयार झालं. मला यात गंमत वाटते ती अशी की डेन्मार्कचा सर्वांत उंच भाग पावणेदोनशे मीटरही नाही, आपल्या बहरीनच्या जबल अल दुखानहून थोडासाच उंच. अशा सपाट देशातली भांडी महाबळेश्वरच्या १,३०० मीटरहून उंच पठाराखाली टांगायची! भांड्यांची कल्पना कुठेही चालते. भोकांचे आकार मात्र इथल्या पावसावर, इथल्या काळ्या पाषाणावर आणि वरच्या जांभ्याच्या सड्यावर नव्याने बसवावे लागतात. सगळी मेहनत त्यातच आहे.

आणि ही मेहनत आपल्याकडे नवी नाही. संगणकाच्या कितीतरी आधी, १९२९ च्या सुमारास, मुंबई इलाख्यातले इंजिनिअर क्लॉड इंग्लिस आणि त्यांचे सहकारी डिसूझा यांनी पश्चिम भारतातल्या ५३ ठिकाणच्या नद्यांची मोजमापं घेऊन दोन सूत्रं बसवली. इंग्लिस पुढे खडकवासल्याच्या जल संशोधन केंद्राचे प्रमुख झाले. त्यांची सूत्रं आजही सिव्हिल इंजिनिअरिंगची मुलं परीक्षेसाठी पाठ करतात. सूत्रं दोन का, तर घाट वेगळा आणि देश वेगळा. घाटासाठी: वर्षाचा पाऊस सेंटीमीटरमध्ये घ्या, त्याचे ८५ टक्के करा, त्यातून ३०.५ वजा करा. जे उरेल तेवढं पाणी नदीला. दख्खनच्या पठारासाठी: पावसातून १७.८ वजा करा, उरलेल्याला पुन्हा पावसाने गुणा, २५४ ने भागा.

करून बघू. महाबळेश्वरच्या बाजूला हिशोबाला सोपा म्हणून ६०० सेंटीमीटर पाऊस धरा. घाटाचं सूत्र सांगतं, साधारण ४८० सेंटीमीटर नदीला मिळणार. म्हणजे शंभरातले ऐंशी. पठारावर ७० सेंटीमीटर धरा. त्यातले १४ नदीला, शंभरातले वीस. दोन्ही उत्तरं पटण्यासारखी आहेत. आता मुद्दाम उलटसुलट करा. पठाराच्या सूत्रात महाबळेश्वरचे ६०० घाला. उत्तर येतं १,३७५. पडलेल्या पावसाच्या दुपटीहून जास्त पाणी! आणि घाटाच्या सूत्रात बहरीनचा वर्षाचा साडेसात-आठ सेंटीमीटर पाऊस घाला, उत्तर शून्याच्याही खाली जातं. नदीने समुद्रातूनच पाणी उचलून डोंगराला परत द्यायचं, असा त्याचा अर्थ. सूत्रात चूक काहीच नाही. ज्या पावसावर ते बसवलं त्याच्या बाहेर नेलं, एवढंच.

हे लक्षात ठेवा, आमच्या घरच्या गोष्टीत ते परत येणार आहे.

डोंगरी खोऱ्यात मॉडेल बसवणं सपाटीपेक्षा अवघड का, याचं पहिलं कारण पाऊस. आपल्या अख्ख्या बहरीनचं क्षेत्रफळ ८०० चौरस किलोमीटरच्या आत आहे. कोयना धरणाचं पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर, म्हणजे त्यात बहरीन सहज मावेल. बातम्यांत त्या सगळ्याचा पाऊस आपण तीन नावांत ऐकतो: कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर. बहरीनमध्ये एवढ्याशा जागेत पावसाचा काय फरक पडणार? पण सह्याद्रीत महाबळेश्वरहून पाचगणी जेमतेम २० किलोमीटर, आणि पाऊस एक तृतीयांशाच्या आसपास येतो. घाट उतरून वाईला गेलात की त्याहून निम्मा. ढग डोंगराला धडकून रिकामे होतात आणि पलीकडे मोकळ्या हाताने जातात. मग दोन पर्जन्यमापकांच्या मधल्या दरीत किती पडला? तिथे माणूस नाही, रस्ता नाही, मापक नाही. अंदाज करावा लागतो. त्यात सोसाट्याच्या वाऱ्यात मापकाच्या तोंडातून थेंब बाजूला उडतात ते वेगळंच.

यातून एक फसवणूक घडते, कोणी मुद्दाम न करता. समजा दरीतला खरा पाऊस मापकाने दाखवल्यापेक्षा जास्त आहे. नदीत पाणी जास्त येतंय, कागदावर पाऊस कमी. मॉडेल बसवणारा काय करतो? मातीचं भांडं लहान करतो. आकडे जुळतात, सगळे खूश. पण माती तेवढी लहान नव्हतीच, पाऊस जास्त होता. दोन वर्षांनी त्या दरीत नवं केंद्र बसतं, खरा पाऊस कळू लागतो, आणि मॉडेल अचानक भलताच मोठा पूर सांगायला लागतं. ब्रिटिश जलशास्त्रज्ञ कीथ बेव्हन यांनी यावर आयुष्यभर लिहिलं: भोकांच्या अनेक वेगवेगळ्या जोड्या जुन्या पुराशी सारख्याच छान जुळतात, त्यातली खरी कुठली हे त्या जुळणीवरून कळत नाही. म्हणून शहाणे लोक एकच मॉडेल न ठेवता अशा अनेक जोड्या चालवतात आणि "४२ फूट" न म्हणता "४० ते ४४" म्हणतात. बातमी देणाऱ्याला मात्र एकच आकडा हवा असतो.

थोडा हिशोब अजून. कोयनेच्या सगळ्या पाणलोटावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते होतं ३.१५ टीएमसी पाणी. ऑगस्टमध्ये माती तुडुंब असताना त्यातलं ८० टक्के वाहून आलं असं समजा: अडीच टीएमसी, म्हणजे दिवसभर सरासरी २९ हजार क्युसेक. तोच पाऊस जूनमध्ये तहानलेल्या जमिनीवर पडला आणि निम्माच आला असं समजा, तर १८ हजार. पाऊस तोच, फरक ११ हजार क्युसेकचा. धरण भरत आलेलं असताना दरवाजे किती उचलायचे हे ठरवणाऱ्या माणसासाठी तो फार मोठा फरक आहे. म्हणून मॉडेल १ जूनपासूनच रोज चालवत आणावं लागतं. पुराच्या दिवशी सुरू केलं तर त्याला मातीच्या भांड्यात किती पाणी आहे हेच माहीत नसतं.

दुसरं कारण नदीच्या मोजमापाचं. आपण ज्याला "मोजलेला प्रवाह" म्हणतो तो बहुतेक वेळा मोजलेला नसतोच. मोजलेली असते पातळी. वर्षातून काही वेळा होडीतून किंवा तारेवरून यंत्र सोडून वेग मोजतात, आणि त्यावरून "इतके फूट म्हणजे इतके क्युसेक" असा तक्ता बनतो. नदी काठांच्या आत आहे तोवर तक्ता भरवशाचा. पण महापुरात नदीच्या मधोमध कोण जाणार? पाणी काठ सोडून उसात शिरलं, वाहत्या पाण्यात झाडं आणि मेलेली जनावरं आली, की वरच्या फुटांचा तक्ता अंदाजाने पुढे ओढलेला असतो. मॉडेल नेमकं त्याच अंदाजावर बसवायचं. ज्या आकड्यासाठी एवढं चाललंय तोच आकडा सर्वांत कच्चा.

आणि तिसरं कारण माणूस. सांगलीच्या वर कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी अशी धरणं आहेत. नदी आता नुसत्या पावसाचं ऐकत नाही, दरवाज्यांचंही ऐकते. कोयनेचं बरंच पाणी तर वीज करून पश्चिमेला वाशिष्ठीत जातं, ते सांगलीकडे येतच नाही. धरणांखालच्या मोकळ्या पाणलोटाचं पाणी अडवायला कोणी नाही, आणि मोठ्या पुरात ते फार असतं. या सगळ्याची नोंद मॉडेलला वेळेवर मिळाली तर ठीक.

अलमट्टीचं काय, असं आता अनेकांच्या ओठांवर आलं असेल. २०१९ च्या पुरानंतर जलसंपदा विभागाचे निवृत्त अधिकारी नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २०२० मध्ये अहवाल आला, आणि त्यात पुराचा मुख्य दोष अलमट्टीच्या फुगवट्याला दिला नाही. सांगलीत हे अनेकांना अजूनही पटलेलं नाही. मी यात निकाल देणार नाही. पण पुढच्या वेळी कोणी "आमचं मॉडेल असं सांगतं" म्हणालं, कुठल्याही बाजूचं, तर एक प्रश्न विचारा: ते कुठल्या पुरावर बसवलं आणि कुठल्या पुरावर तपासलं? नदीचा खडबडीतपणा म्हणून एक आकडा असतो. काठचा ऊस, पुलांचे खांब, भराव सगळं त्यात येतं. तो थोडा इकडे-तिकडे केला की फुगवटा फुटांनी बदलतो.

"तपासलं" हा शब्द मी उगाच वापरला नाही. ज्या वर्षांवर मॉडेल बसवलं त्याच वर्षांवर ते छान उत्तर देतं यात कौतुक नाही. आदल्या दिवशी पेपर दिला आणि मुलाला पैकीच्या पैकी मिळाले, तसं ते. चेक जलशास्त्रज्ञ विट क्लेमेश यांनी १९८६ मध्ये हे खडसावून सांगितलं: काही वर्षं बसवायला वापरा, काही कपाटात कुलपात ठेवा, आणि परीक्षा त्या न पाहिलेल्या वर्षांवर घ्या. कोरड्या वर्षांवर बसवलेलं ओल्या वर्षांवर तपासा, ओल्यांवरचं कोरड्यांवर.

परीक्षेचे गुणही ठरलेले आहेत. १९७० मध्ये नॅश आणि सटक्लिफ यांनी दिलेली पद्धत जगभर वापरतात. १ म्हणजे तंतोतंत, ० म्हणजे मॉडेल न चालवता नुसती सरासरी सांगितली असती तरी तेवढंच जमलं असतं. ०.८ मिळाले की अहवालात ठळक छापतात. मला मात्र सह्याद्रीतल्या नद्यांच्या बाबतीत त्या ०.८ ने फार हुरळून जावंसं वाटत नाही. आपल्या नद्या मार्चमध्ये कोरड्या, जुलैत दुथडी. ज्याला नुसतं कॅलेंडर वाचता येतं त्यालाही या परीक्षेत बरे गुण पडतात. खरा प्रश्न वर्षातल्या चार-पाच दिवसांचा असतो, आणि ते चार दिवस चुकले तरी ३६५ दिवसांची गुणपत्रिका देखणी दिसू शकते.

आता घरची गोष्ट. माझे काका-काकू सांगलीत गावभागात राहतात. २००५ चा पूर त्यांनी पाहिलेला. आयर्विनला तेव्हा पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं, आणि काकांनी खालच्या खोलीच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने रेघ मारून ठेवली होती. काका काही बेफिकीर माणूस नव्हे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा त्यांनी धान्य, कागदपत्रं, शिलाई मशीन सगळं रेघेच्या वर, आणि वर एक फूट जास्तीचं धरून फळ्यांवर ठेवलं. मी इथून फोनवर म्हणत होते, निघा. ते म्हणाले, "अगं, २००५ ला इथवर आलं होतं. त्याच्या वर कुठलं जातंय? आणि एक फूट सोडलाय मी."

त्या वर्षी आयर्विनला ५७ फुटांच्या वर पाणी गेलं.

काकांनी जे केलं होतं ते मॉडेल बसवणंच होतं, फक्त एकाच पुरावर बसवलेलं. ते दोघं दोन रात्री वरच्या मजल्यावर अंधारात होते. फोनची बॅटरी गेली तेव्हापासून ते बोटीतून बाहेर येईपर्यंत इथे आमचं कोणाचं जेवण गेलं नाही. शिलाई मशीन गेलं, कागदपत्रांचा लगदा झाला. ती माणसं सुखरूप आली म्हणून मी ही गोष्ट सांगू शकते. त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून निघालेल्या माणसांची बोट उलटली. उशिरा निघणं म्हणजे बोटीने निघणं.

दोनच वर्षांनी, २२ जुलै २०२१ ला, महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. बहरीनचा सात-आठ वर्षांचा पाऊस एका दिवसात. सांगलीत पुन्हा पाणी ५० फुटांच्या वर, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर २०१९ पेक्षाही वर. असा पाऊस ज्या मॉडेलच्या जुन्या वर्षांत नव्हताच, त्याच्याकडून त्या दिवशी बरोबर उत्तराची अपेक्षा म्हणजे पठाराच्या सूत्रात महाबळेश्वर घालणं.

म्हणून चांगली केंद्रं दर मोठ्या पुरानंतर मॉडेल पुन्हा बसवतात. आणि पूर चालू असतानाही दर काही तासांनी अंदाज आणि खरी पातळी शेजारी ठेवून, मॉडेल दोन फूट खाली बोलतंय असं दिसलं की पुढच्या आकड्यांत तेवढी दुरुस्ती करतात. त्यामुळे पुढच्या सहा-बारा तासांचा अंदाज पुष्कळ भरवशाचा असतो. तिथे बरंचसं पाणी आधीच पडलेलं, आधीच वाटेत असतं. कोयनेतून सुटलेलं पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि मग सांगलीला येतं, त्याला वेळ लागतो. तीन दिवसांनंतरचा अंदाज मात्र अजून न पडलेल्या पावसावर उभा असतो. तो तेवढाच पातळ.

आपल्यात रत्नागिरीकर आणि चिपळूणकर कमी नाहीत, त्यांच्यासाठी वेगळं सांगते. वरचं सगळं कृष्णेचं आहे. वाशिष्ठीला घाटातून खाडीपर्यंत जायला फार वेळ लागत नाही, खाली भरती असेल तर पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. २२ जुलै २०२१ चं चिपळूण आठवा. तिथे सांगलीसारखी दिवसाची उसंत मिळत नाही, काही तासच मिळतात. कृष्णेवर बसवलेलं मॉडेलही तिथे चालायचं नाही आणि कृष्णाकाठच्या माणसाची सवयही.

तर रिफाच्या आपल्या श्रोत्याला उत्तर. हो, अंदाजावरून ठरवा, पण त्यातला एक आकडा धरून नव्हे. भारतात पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचतात, तेव्हा आपल्याकडे सहा वाजलेले असतात. त्यानंतर कोयना, नवजा, महाबळेश्वर बघा. मग धरणांचा विसर्ग. मग आयर्विनची पातळी, आणि पातळीपेक्षाही ती तासाला किती इंचाने चढतेय ते. कराडला पाणी चढत असेल तर सांगलीला अजून यायचं आहे, हे समजा. केंद्रीय जल आयोगाचं फ्लडवॉच इंडिया नावाचं ॲप २०२३ पासून आहे, त्यात त्यांच्या केंद्रांची पातळी आणि अंदाज इथूनही बघता येतो. अंदाज "४० ते ४४" असा मिळाला तर सामान आणि माणसं ४४ धरून हलवा. आणि कितीला निघायचं हे वडिलांशी आत्ताच, पाणी खाली असताना ठरवून घ्या. पाणी चढायला लागल्यावर कुणीच कुणाचं ऐकत नाही, हा माझा अनुभव.

आमच्याकडे ते ठरलंय. काकांनी निळ्या रेघेच्या वर २०१९ ची लाल रेघ मारली, आणि काकूने दोन्ही रेघांवरून चुना फिरवला. म्हणाली, "या बघत बसायचंच नाही." आता आयर्विन ३८ झालं की दोघं मिरजेला मामेबहिणीकडे जातात. गेल्या पावसाळ्यात दोनदा गेले. दोन्ही वेळा पाणी ४० ला न लागताच उतरलं, काका चार दिवस कुरकुरले, आणि मिरजेत पत्ते खेळून परत आले.

आज सकाळी सहाला विचारलं. आयर्विन १९ फूट.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा भेटू. नमस्कार.